मुंबईचा कला-सप्ताह बघायला निघालेल्या खानापूरच्या सरांना

सर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही खानापूर तालुक्यातल्या हायस्कुलात ड्रॉइंग शिकवता, जानेवारीत मुंबईच्या गॅलरी वीकएंडला चार-पाच माजी विद्यार्थ्यांना घेऊन जायचं ठरवलंय. काय बघावं, कसं बघावं, आजकालचं काम कळत नाही त्याचं काय करावं, काचेच्या दारातून आत शिरायला पोरांना संकोच वाटतो त्यावर उपाय काय, आणि शेवटी, असं काही आपल्या बेळगावात होईल का?

प्रदर्शनं मांडणं हे माझं काम. आधी बरीच वर्षं मुंबईत आणि आता बेळगावात, शिडीवर उभं राहून चित्रं टांगणं, उजेड लावणं, पेट्या उघडणं आणि पुन्हा नीट भरणं हेच मी करत आले. तेव्हा उत्तरही त्याच बाजूने देते. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो आणि त्याचं उत्तर 'होईल' असं आहे. म्हणून मुंबईला नुसते प्रेक्षक म्हणून जाऊ नका. हे सगळं जुळवलंय कसं, ते बघायला जा.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. मुंबईचा गॅलरी वीकएंड २०१२ साली सुरू झाला. जानेवारीत साधारण गुरुवार ते रविवार असे चार दिवस असतो. त्याला एक मोठा मांडव नाही, एक सभागृह नाही. कुलाबा, फोर्ट, काळा घोडा या भागातल्या गॅलऱ्यांनी आपसात ठरवलं की प्रत्येकाने आपापल्या जागेत, आपापल्या खर्चाने प्रदर्शन लावायचं. पण उघडायचं सगळ्यांनी एकाच वेळी. नकाशा एकच, तारखा एकच, आणि एरवी रविवारी बंद असणारी दारंही त्या रविवारी उघडी. आत जायला तिकीट नाही. एवढ्या एका ठरावाने शहरातला माणूस दिवसभरात आठ-दहा प्रदर्शनं पायी फिरून बघू शकतो, आणि चित्रकारही त्या दिवसांत जागेवर भेटतो. कला-सप्ताह म्हणतात तो मुळात हा ठराव. आपल्याकडे तो करायला करोडो रुपये लागत नाहीत, माणसं एकत्र बसायला लागतात.

बाकीचे मेळे याहून वेगळे आहेत, गल्लत करू नका. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीत भरतो, नऊ दिवस. तिथे रस्ताभर मांडणी, नाच, नाटक, साहित्य, आणि तुडुंब गर्दी; मुलांना मजा येते, पण एखाद्या कामासमोर शांतपणे उभं राहणं कठीण. आर्ट मुंबई हा कलेचा बाजार, २०२३ च्या नोव्हेंबरात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिल्यांदा भरला. तिथे देशभरातल्या गॅलऱ्या छोटे छोटे गाळे घेऊन बसतात आणि तिकीट असतं. कोचीची बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, २०१२ च्या डिसेंबरात सुरू झाली, ती काही महिने चालते आणि जुन्या वखारींतून मांडलेली असते. जमलं तर आयुष्यात एकदा नक्की बघा. आपल्याला सगळ्यात जवळचा म्हणजे पणजीचा सेरेंडिपिटी महोत्सव, २०१६ पासून डिसेंबरात. चोर्ल्याच्या घाटाने उतरलात की तीन-चार तासांत पणजी. ज्या पोरांना मुंबईचा खर्च झेपणार नाही त्यांना तिकडे न्या, काही बिघडत नाही. बेंगळूरूची चित्रसंते एका दिवसाची, रस्त्यावर बसून चित्रं विकणाऱ्यांची. तिथे बघण्यापेक्षा एखादं टेबल मांडून बसण्याने जास्त शिकाल.

आता मुंबईबद्दल. दादरची गाडी किंवा रात्रीची स्लीपर बस, तुम्हाला काय सोयीचं पडेल ते. पहिल्या दिवशी एकच भाग धरा. नकाशावर टिंबं खूप दिसतील, ती सगळी पुरी करायचा हट्ट पोरांना करू देऊ नका. दिवसाला चार जागा पुरे. पाचव्या जागेत डोळे उघडे असतात पण दिसत काही नाही, हे मी स्वतःच्या पायांनी अनुभवलंय.

फोर्टातून सुरुवात करा. प्रेस्कॉट रोडवरच्या क्वीन्स मॅन्शनमध्ये वरच्या मजल्यावर केमोल्ड ही गॅलरी आहे. केकू आणि खुर्शीद गांधी यांनी ती १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर सुरू केली. २००७ पासून ती इथे आहे. जुन्या इमारतीचा लाकडी जिना चढून वर गेलात की उंच छताचा मोठा हॉल लागतो. त्या जिन्याला पोरं बुजतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की मुंबईतल्या निम्म्याअधिक गॅलऱ्या अशाच कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर असतात, बाहेर फलक लहान असतो आणि दारावरची घंटा वाजवणं हा तिथला रिवाज आहे. ताजच्या मागच्या गल्ल्यांतही तसंच. कुलाब्यात प्रोजेक्ट ८८ ही गॅलरी तर एका जुन्या छापखान्याच्या जागेत आहे. तिथे गेलात की भिंतींकडे आणि छताकडे जरूर बघा. छापखान्याची जागा न लपवता तिच्यात चित्रं कशी बसवली आहेत, हे आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

काळ्या घोड्यापाशी जहांगीर आर्ट गॅलरी आहे, १९५२ पासूनची. तिथे मंगळवार ते सोमवार असं आठवड्याच्या हिशेबाने दालन मिळतं, आणि त्यासाठी चित्रकार वर्षानुवर्षं वाट बघतात. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार बसलेले असतात. त्यांच्याशी बोला, ते मोकळेपणी सांगतात. रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते १९९६ साली सुरू झालं, सोमवारी बंद असतं. वेळ उरला तर भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ सालची वास्तू आहे आणि तिच्या जुन्या काचपेट्यांच्या शेजारी आजच्या कलाकारांचं कामही मांडतात. तिथेच बागेत तो मूळचा काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, उभा आहे. काळ्या घोड्याच्या चौकात २०१७ पासून जो दिसतो त्याच्यावर स्वार नाही.

संकोचाबद्दल बोलू. गॅलरीत शिरल्यावर टेबलापाशी बसलेली व्यक्ती मान वर करत नाही, आणि आपल्याला वाटतं की आपण नको आहोत. तसं काही नसतं. ती व्यक्ती बहुधा कला शिकलेली विशी-पंचविशीतली मुलगी किंवा मुलगा असते आणि कुणी काही विचारलं तर खूश होते. नमस्कार करा, पिशव्या तिथे ठेवा, वहीत नाव-गाव लिहा. 'खानापूर, जि. बेळगाव' असं ठळक लिहा. मग प्रदर्शनाचं टिपण मागा, आणि किंमत-यादीही मागा. किंमत-यादी मागायला गिऱ्हाईक असावं लागत नाही. यादीत कामाचं नाव, साल, माध्यम, मापं सगळं असतं. नावापुढे लाल टिकली असेल तर ते विकलं गेलं. छापचित्राखाली पेन्सिलीने ३/१० असं लिहिलेलं असेल तर दहा प्रतींतली ती तिसरी. फोटो काढण्याआधी विचारा. मराठीत बोललात तरी चालतं, फोर्टात मराठी समजणारं कुणी नाही असं होत नाही.

आता 'कळत नाही' या तक्रारीकडे येते. पोरांना एक सवय लावा: चित्राचं नाव वाचण्याआधी माध्यमाची ओळ वाचायची. कशावर केलंय, कशाने केलंय, केवढं आहे. तुमची पोरं हाताने काम करणाऱ्या घरांतली आहेत. कुणाच्या घरी माग आहे, कुणाच्या घरी चाक आणि भट्टी, कुणी शिवजयंतीच्या चित्ररथांवर रात्री जागवतं. हे कसं बनवलं असेल, हा प्रश्न त्यांना आपोआप सुचतो. तोच पहिला विचारावा. अर्थ त्याच्या मागून येतो.

एक काम सांगते, मुंबईत आत्ता ते बघायला मिळणार नाही, पण पद्धत समजेल. शिल्पा गुप्ता या मुंबईच्या कलाकाराचं २०११-१२ सालातलं हे काम. नावच मुळी आकडा आहे, १:१४.९. काचेच्या उभ्या पेटीत धाग्याचा एक लांबट गोळा ठेवलाय, अंड्याच्या आकाराचा, हाताने गुंडाळलेला. खाली पितळेची छोटी पट्टी. बस, एवढंच. घाईने बघणारा पुढे निघून जातो. आता माध्यमाची ओळ वाचा: हाताने गुंडाळलेला पॉलिएस्टर धागा. मग पट्टी वाचा: भारताच्या पश्चिम आणि वायव्य सरहद्दीवरचं कुंपण ११८८.५ मैल, ही आकडेवारी २००७ च्या अखेरीची. नावात जो आकडा आहे ते प्रमाण आहे. म्हणजे या गोळ्यातला धागा १४.९ पट केला की त्या कुंपणाची लांबी होते. भागाकार करा: साधारण ८० मैल, जवळजवळ १२८ किलोमीटर धागा. बेळगावहून हा धागा सोडत निघालात तर कोल्हापूर ओलांडून पुढे जाईल. आणि तो कुणीतरी हाताने गुंडाळलाय.

बेळगावच्या वडगावातल्या विणकराच्या घरातली, कांड्या भरून ज्यांची बोटं घट्ट झाली आहेत अशी कुणी बाई या पेटीपुढे उभी राहिली, तर ती समीक्षकाच्या आधी दोन गोष्टी सांगेल. एवढा धागा गुंडाळताना ताण सारखा ठेवणं किती अवघड आहे, आणि असला गोळा पुन्हा सोडवायचा म्हटलं तर गुंता होणार. माझ्या मते त्या कामाचं मर्म याच दोन गोष्टींत आहे. कुंपण घालणाऱ्याचे कष्ट आणि ते उकलण्यातली अडचण, दोन्ही शिल्पा गुप्तांनी वळलेल्या धाग्यात ठेवली. आपण सीमाभागातली माणसं. नकाशावरच्या रेघेने घरातलं बोलणं, शाळा, नोकरी यांवर काय होतं हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. आपली सीमा देशांमधली नाही, राज्यांमधली आहे, तिथे काटेरी तार नाही. पण ती रेघ मोजायची झाली तर कशाने मोजाल, हा प्रश्न पोरांना विचारून बघा. उत्तरं काय येतात ते मला कळवा.

असंच झरिना हाश्मी यांचं 'होम इज अ फॉरिन प्लेस', १९९९ सालचं. घराबद्दलचे छत्तीस लाकडी ठसे, प्रत्येकात काळ्या रेघांची साधी आकृती आणि एक उर्दू शब्द. लिनोकट किंवा लाकडी ठसा तुम्ही वर्गात करून घेत असालच; त्या पोरांना हे छायाचित्रात जरी दाखवलंत तरी कळेल की कमीत कमी खोदून काय साधता येतं. आणि अतुल डोडिया यांनी दुकानाच्या लोखंडी शटरवर रंगवलेली चित्रं, २००० च्या आसपासची. शटर खाली असताना एक चित्र, वर सरकवलं की आत दुसरं. गणपत गल्लीत रात्री दुकानं बंद होताना जो आवाज होतो तो कानात असलेल्या माणसाला या कामाचं काय कळणार नाही?

तुमच्या मनात असेल की आपली तालीम वास्तववादी, व्यक्तिचित्र-निसर्गचित्राची, म्हणून हे परकं वाटतं. मला तसं वाटत नाही. चित्रकार के. बी. कुलकर्णींनी या बेळगावाला बघायला शिकवलं. चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले, १९३५ साली बेळगावात जन्मलेले. तिकडे कोल्हापुरात आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर. ही घराणी डोळ्यांना एक गोष्ट पक्की शिकवून गेली: छटेतला फरक ओळखायचा, घाई करायची नाही. ज्याने एका गालावरचा उजेड तासभर न्याहाळलाय तो माणूस पांढऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या कागदासमोरही उभा राहू शकतो. उलट त्या शिस्तीशिवाय आलेले लोकच दोन मिनिटांत कंटाळतात.

आता मुंबईत माझ्यासाठी बघून या अशा गोष्टी. प्रत्येक जागेत विचारा की चित्राचा मध्य जमिनीपासून किती उंचीवर आहे. बहुतेक ठिकाणी ५७ ते ६० इंचांच्या मध्ये सांगतील. उभ्या माणसाची नजर जिथे पडते ती उंची. खिळ्याची जागा काढायचा हिशेब सोपा आहे. समजा फ्रेम ३० इंच उंच आहे आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून ३ इंच खाली येते. मध्य ५७ इंचांवर ठेवायचाय. ५७ मध्ये फ्रेमची निम्मी उंची १५ मिळवा, त्यातून ३ वजा करा, ६९ इंचांवर खिळा. एका ओळीतली सगळी चित्रं अशी लावली की लहान-मोठ्या फ्रेमाही एका श्वासात वाचता येतात. आपल्याकडे वरच्या कडा जुळवून लावायची पद्धत आहे, आणि त्यामुळे मोठं चित्र गुडघ्याशी येतं, लहान चित्र कपाळाच्या वर जातं. एवढी एक गोष्ट बदलली तरी आपल्या शाळांची प्रदर्शनं ओळखू येणार नाहीत.

दुसरं, उजेड. जलरंग, कागद, कापड यांना ५० लक्सच्या वर उजेड नको; लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. तैलरंगाला दीडशे-दोनशे चालतो. उन्हाळ्यातलं थेट ऊन लाखभर लक्सपर्यंत जातं, यावरून अंदाज घ्या. मोबाइलवरच्या लक्स मोजायच्या ॲपने पक्कं नाही पण ढोबळ कळतं. दिवा भिंतीला समोरून भिडवायचा नाही. उभ्या रेषेपासून साधारण ३० अंशांत कलता ठेवला की काचेवर आपलंच तोंड दिसत नाही. पोरांना सांगा, गॅलरीत मान वर करून दिवे मोजायचे आणि वहीत रेखाटायचे.

तिसरं, कामांमधली रिकामी जागा किती सोडलीय ते. पाऊल टाकून मोजा.

आता बेळगाव. टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णींच्या नावाचं कलादालन आहे, तिथून सुरुवात होऊ शकते. पण एकाच दालनात पन्नास जणांची चित्रं खेटून लावणं, म्हणजे आजवर जे होत आलं तेच. मला पाच जागा हव्यात, चालत जाता येतील अशा. एक हे दालन, एखाद्या वाचनालयाचा हॉल, शहापुरातलं एखादं जुनं घर, वडगावातली मागाची एक शेड आणि एखाद्या मूर्तिकाराची कार्यशाळा, जी गणपतीचा हंगाम संपल्यावर रिकामी असते. पाच जागांत पाच मांडण्या, चार दिवस, एक कागदी नकाशा.

मागाच्या शेडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिच्यात मला सगळ्यात जास्त शक्यता दिसतात. या शेडच्या छपरात काचेची कौलं असतात, त्यामुळे दिवसा वरून खाली सरळ पट्टे पडतात. त्या उजेडात कागद लावायचा नाही, आठवड्यात रंग उडायला लागेल. पण माती, लाकूड, लोखंड, दगड यांना तो उजेड सोन्यासारखा. माग हलवायचे नाहीत. मालकाला सांगायचं, तुमचं काम चालू ठेवा, फक्त दुपारी चारनंतर आम्हाला आत येऊ द्या. धोट्याचा आवाज हा त्या प्रदर्शनाचा भागच धरायचा. एखाद्या पोराला ताण्याच्या धाग्यांवरच काही करायचं सुचलं तर विणकराबरोबर बसून करू दे, आणि पाटीवर दोघांचीही नावं, एकाच आकारात. हे मी आग्रहाने सांगते. कारागिराच्या जागेत, कारागिराच्या कौशल्यावर उभं राहिलेलं काम एकट्या कलाकाराच्या नावाने लावणं मला पटत नाही.

तुमच्या खानापुरात तर माती आहे. खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था तिथे आहे, कौलं आणि भांडी करणारी जुनी घरं आहेत. दिवाळीत आपल्या गल्लीगल्लीत पोरं माती, गोणपाट आणि दगडांचे किल्ले उभारतात, त्यात बुरूज असतात, पाणी असतं, रात्रीचे दिवे असतात, आणि लोक ओळीने बघायला येतात. मुंबईत ज्याला इन्स्टॉलेशन म्हणतात ते करायची तालीम आपल्या पोरांना सहाव्या-सातव्या वर्षापासून असते. शिवजयंतीचे चित्ररथ करणारी मंडळी ट्रॉलीवर पंधरा फुटांचा देखावा उभा करतात, आतून वायरिंग करतात, रात्रभर गर्दीतून नेतात आणि काही पडत नाही. वजन, वीज आणि गर्दी या तिन्हींचं ज्ञान ज्यांच्याकडे आहे ती माणसं आपल्या तांत्रिक समितीत पहिल्या दिवसापासून हवीत, मानधन देऊन. चित्रकार नंतर बोलावले तरी चालतील.

जुन्या घरांच्या भिंतींची एक अडचण आहे. जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही, आणि धरला तरी गिलाव्याचा पोपडा घेऊन खाली येतो. तिथे तुळईला आडवी नळी बांधून वरून नायलॉनची तार सोडायची. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांत हवा खेळते आणि ओल चढत नाही. आपल्या पावसाची ओल जानेवारीतही भिंतीत असते. किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूंकडे मात्र जाऊ नका. तिथे परवानगीशिवाय काहीही टेकवायचं नसतं आणि ते योग्यच आहे.

तारखा. डिसेंबरात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन इथल्या सुवर्ण विधानसौधात भरतं, त्या काळात गावात लॉज मिळत नाही आणि बंदोबस्तामुळे रस्ते अडतात. पावसाळ्याचे चार महिने कागदाला बुरशी. मार्चात दहावीची परीक्षा, म्हणजे तुम्हीच मोकळे नाही. उरतो जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. मुंबईचा गॅलरी वीकएंड नुकताच झालेला असतो, डोक्यात ताजं असतं. माझं मत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याला. वेळ दुपारी चार ते रात्री नऊ. सकाळी अकराला आपल्याकडे कुणी फिरकणार नाही, पण संध्याकाळी बाजाराला निघालेली घरंच्या घरं आत येतील.

आता नाजूक भाग. हे मराठी मंडळाचं संमेलन होता कामा नये. या गावात कन्नड, मराठी, कोंकणी, उर्दू बोलणारे चित्रकार शेजारी राहतात, एकाच दुकानातून रंग घेतात. धारवाडला चित्रकार हळभावींनी उभी केलेली कलाशाळा आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं तिकडे शिकली. त्यांना निमंत्रित पाहुणे म्हणून नको, आयोजक म्हणून बोलवा, पहिल्या बैठकीलाच. प्रत्येक पाटी कन्नड, मराठी, इंग्रजीत, तिन्ही मजकूर सारख्याच अक्षरात, आणि ज्याने-त्याने आपापल्या भाषेत सरळ लिहिलेला. बाहेरच्या फलकांबद्दलचे नियम महापालिकेत आधी विचारून घ्या आणि लेखी घ्या. आदल्या रात्री फलक उतरवावा लागला तर चार महिन्यांची उमेद जाते. मराठी माणसाने मराठीत बोलण्याचा हक्क सोडावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या कामापुढे उभं राहून त्याच्याकडून ते समजून घेण्याची जागा या गावात फार कमी उरली आहे, आणि तशी जागा करणं आपल्या हातात आहे.

माणसं किती लागतील? प्रत्येक जागेत उघडी असेपर्यंत दोघं, पाळीने. त्यांना काम कुणी केलं, कशाने केलं, किती दिवस लागले एवढं पाठ हवं. मोबाइलमध्ये तोंड घालून बसणारा राखणदार चांगलं प्रदर्शन मारतो. ही पाळी विद्यार्थ्यांनाच द्या. चार दिवस त्याच कामाजवळ बसून लोकांना सांगत राहणं यासारखं कलेचं शिक्षण दुसरं नाही.

विक्रीबद्दलही सांगते. शहरातल्या खासगी गॅलऱ्या विक्रीतला साधारण एक-तृतीयांश ते निम्मा वाटा ठेवतात, कारण जागा, वीज, छपाई, माणसं हा सगळा खर्च त्यांचा. आपण पहिल्या वर्षी दहा टक्के ठेवू, तोही पुढच्या वर्षीच्या दिव्यांसाठी. किंमत यादीत स्पष्ट लिहायची, कानात सांगायची नाही. एकाच मापाच्या कामाला नातेवाइकाला एक भाव आणि परक्याला दुसरा, असं केलंत की गावभर होतं. विकलं की तिथल्या तिथे पावती आणि लाल टिकली. काम मात्र प्रदर्शन संपल्यावरच न्यायचं. कलाकाराचे पैसे आठवड्याच्या आत.

मुंबईहून आलात की कळवा. येणाऱ्या एका रविवारी शहापूर-वडगाव पायी फिरून जागा बघू. पोरांकडे वह्या असू देत, टेप आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी मी आणते. तीन शेडमालकांशी माझं बोलणं झालंय, त्यांतले दोघं तयार आहेत. तिसऱ्याला आधी नकाशा बघायचाय.